पेडल मऊ लागतंय? ब्रेकची हवा घरीच काढा, पण दुपार मोकळी ठेवून

ब्रेक नीट लागत नाहीये म्हटलं की लोक थेट ऑइल बदलायच्या मागे लागतात आणि पहिला घोळ तिथेच होतो, म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी गाडीत बसा आणि पेडल काय सांगतंय ते बघा. पेडल दगडासारखं कडक आहे, पाय पूर्ण जोर लावून दाबलाय, जळका वास येतोय आणि तरी गाडी पुढे सरकतच चाललीये, तर तो पॅडचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून चिमटणाऱ्या तुकड्यांचा, प्रॉब्लेम आहे. पॅड त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त तापलंय, इथे दहा वेळा हवा काढलीत तरी काडीचा फरक पडणार नाही. पेडल मऊ आहे, खाली जातंय, दोन-तीनदा पटापट पंप केलं की वर येतं, तर लाइनमध्ये हवा आहे नाहीतर ऑइल उकळलंय, आणि हा लेख त्याच्यासाठी आहे. तिसरा प्रकार म्हणजे गाडी उभी आहे, पाय एकसारखा दाबून ठेवलाय आणि पेडल आपोआप हळूहळू खाली बसत चाललंय. मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाचं, आतलं रबर गेलेलं असतं किंवा कुठेतरी गळत असतं, ती गाडी हवा काढून बरी होत नाही, दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर काढूच नका.

हे एवढं सांगतोय कारण मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. ट्रॅक डे होता, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस, गाडीला नवे पॅड, नवे टायर, सगळं चकाचक, सकाळची तीन सेशन मस्त झाली, चौथ्यात सरळ पट्टा संपत आला, ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल थेट खाली. पोटात खड्डा पडतो म्हणजे काय ते तेव्हा कळलं. दोनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, गाडी कशीबशी बाहेरच्या मातीत जाऊन थांबली, मी ठीक, गाडी ठीक. परत आल्यावर बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून बघतो तर आत गडद तपकिरी पाणी. बाकी सगळ्यावर खर्च केला होता आणि ऑइल चार वर्षं जुनं. चूक शंभर टक्के माझी.

आता ऑइल उकळतं म्हणजे नेमकं काय होतं बघा. १४०० किलोची गाडी ताशी १६० वरून शून्यावर आणली की साधारण १४ लाख ज्यूल एवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता म्हणून जाते, चार लिटर थंड पाणी उकळीपर्यंत येईल इतकी, आणि हे एका ब्रेकिंगमध्ये. ट्रॅकवर हे दर थोड्या वेळाने परत परत होतं आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून त्याला ढकलणाऱ्या पिस्टनमध्ये, पिस्टनमधून ऑइलमध्ये असा तो ताप पोचतो. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो खरं पण ते तेल नाहीच, ग्लायकॉलपासून बनवलेला द्रव आहे आणि तो हवेतलं पाणी शोषून घेतो, रबरी होजमधून, डब्याच्या झाकणाच्या बारीक भोकातून, सारखं. पाणी मुरलं की उकळायचं तापमान घसरतं, उकळलं की वाफ होते, आणि द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल मारता, वाफ चेपली जाते, पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. संपली गोष्ट.

म्हणून बाटलीवर दोन आकडे असतात, कोरडा आणि ओला. डॉट म्हणजे ऑइलचा दर्जा, डॉट ३ ला कोरडं किमान २०५ अंश आणि ओलं १४०, डॉट ४ ला २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. ओलं म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर. रेसिंगवाली ऑइलं कोरडी ३०० च्या वर जातात, पण बघायचं असेल तर ओला आकडा बघा, कारण बाटली फोडल्यापासून ऑइल त्याच दिशेने चाललेलं असतं. रोजच्या वापराला चांगलं डॉट ४ आणि दर दोन वर्षांनी बदल एवढं भरपूर झालं. ट्रॅकवर जाणार असाल तर जास्त तापमान झेपणारं घ्या आणि सीझनला एकदा तरी बदला, मी तर मोठ्या ट्रॅक डेच्या आदल्या आठवड्यात चारही चाकांतून थोडं थोडं ताजं ऑइल ओढून घेतोच.

इथे एक जीवघेणी गंमत आहे. डॉट ५.१ आणि डॉट ५ ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात पण नातं काही नाही. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही, एबीएसवाल्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या) गाडीत ते घालायचंच नाही. आणि इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल, कसलंही खनिज तेल चुकूनसुद्धा डब्यात जाऊ देऊ नका, ब्रेकमधली रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत (चाकाजवळचा पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) सगळं बदलत बसावं लागतं. गळका फनेल कुठून तरी उचलून आणलाय आणि आधी त्यातून इंजिन ऑइल ओतलंय, असं पण होतं बरं का.

सामान फार लागत नाही. सीलबंद ऑइल एक लिटर (उघडून सहा महिने फडताळात पडलेली अर्धी बाटली वापरू नका, तिने आपलं पाणी पिऊन घेतलंय), निपलला (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू) घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली, निपलच्या मापाचा रिंग पाना, बऱ्याच गाड्यांत ८ ते ११ मधला असतो, टॉर्क पाना, जॅक, चार स्टँड, हातमोजे, चष्मा, भरपूर फडकी आणि पाण्याची बादली. बादली का? तर हे ऑइल रंग खातं. फेंडरवर एक थेंब पडला आणि तुम्ही चहूकडे फडकं शोधत बसलात की तिथला रंग सोलून निघतो. पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता, ते पाण्यात विरघळतं, मग पुसा. पाना मात्र सहा कोनी रिंगच घ्या, उघड्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोपरे गोल झाले की पुढचे दोन तास शिव्या घालण्यात जातात.

गाडी सपाट पक्क्या जमिनीवर उभी करायची, नट जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावायचा आणि स्टँडवर घ्यायची. खाली बसणाऱ्या स्पोर्ट्स कारला जॅक आत जातच नाही, त्यामुळे आधी पुढची चाकं फळ्यांवर चढवून घ्यावी लागतात, ते पण हळू. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीला हात लावायचा नाही, विषय संपला. स्टँडवर घेतल्यावर गाडीला एक धक्का देऊन बघा, हलायची असेल तर आत्ता हलू दे, तुम्ही चाकाच्या खाचेत डोकं घातल्यावर नको.

कुठल्या चाकापासून सुरू करायचं? साधा नियम असा की मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. स्टिअरिंग डावीकडे असेल तर फक्त डावं-उजवं उलट, मागची चाकं तेव्हाही आधीच. पण हा नियम काही देवाचा शब्द नाही, काही कंपन्या वेगळा क्रम देतात, म्हणून आपल्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल काय म्हणतंय ते बघा आणि तेच करा. मोठ्या चार-सहा पिस्टनच्या कॅलिपरला बऱ्याचदा दोन निपल असतात, एक आतल्या बाजूला एक बाहेरच्या, दोन्हींतून हवा काढायची, आतलं दिसत नाही म्हणून लोक विसरतात आणि मग पेडल अजून मऊच का आहे म्हणून डोकं खाजवत बसतात. आणि कॅलिपर नुकतेच काढून बसवले असतील तर निपल वरच्या टोकाला आहे ना ते बघा. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की निपल खाली येतं, हवा वर अडकते आणि बादलीभर ऑइल घातलं तरी ती निघत नाही.

सुरू करायच्या आधी डब्यातलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने उपसून घ्या, अगदी तळापर्यंत नाही, भोकं उघडी पडायच्या आत थांबायचं, आणि मग नवं भरा. नाहीतर ते सगळं जुनं घाण पाणी तुम्ही चार चाकांतून उगाच ढकलत बसाल. डब्याभोवती फडकी लपेटा. इंजिन बंद.

आता मुख्य काम. यात दोघं लागतात आणि माझ्याकडे पेडलवर बाबा असतात, त्यांना गाड्यांत काडीचा रस नाही पण शिस्त जबरदस्त, आणि या कामात शिस्तच लागते. नळी निपलवर चढवायची, दुसरं टोक बाटलीत, बाटलीत आधीच बोटभर नवं ऑइल, म्हणजे नळीचं तोंड बुडालेलं राहतं आणि हवा उलटी ओढली जात नाही. नळी निपलवरून आधी थोडी वर जाऊन मग खाली येईल अशी वळवा, बुडबुडे वर चढून निघून जातात. रिंग पाना आधी निपलवर घालून मग नळी लावायची, उलटं केलंत तर नळी परत काढावी लागेल, हे मी दर वेळी विसरतो.

मग असं चालतं. मी ओरडतो "बाबा, दाबा", बाबा तीनदा सावकाश पंप करून चौथ्यांदा दाबून धरतात आणि म्हणतात "धरलंय", मी पाना पाव आटा फिरवतो, नळीतून तपकिरी ऑइल सुर्रकन येतं, त्यात बारीक बुडबुड्यांची माळ, पेडल खाली जायला लागतं, बाबा म्हणतात "अरे जातंय खाली, सोडू का?" आणि मी जिवाच्या आकांताने "नका नका, धरून ठेवा!" निपल बंद केल्यावरच मी "सोडा" म्हणतो आणि त्यांनी "सोडलं" म्हटल्याशिवाय परत पान्याला हात लावत नाही. हे दोन्हीकडून मोठ्याने बोलणं गमतीचं वाटतं पण अख्खं काम त्याच्यावर उभं आहे. निपल उघडं असताना पाय उचलला की सिस्टिम आत हवा ओढते आणि तुम्ही होतात तिथून मागे जाता.

पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा म्हणजे ते पार जमिनीला टेकणार नाही. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर रोज एका ठराविक भागातच पुढेमागे होतं, त्याच्या पुढच्या भागात गंज आणि मळ साठलेला असतो, पेडल शेवटपर्यंत मारलं की ते रबर त्या खरबरीत भागावरून घासतं आणि फाटू शकतं. गाडी चांगली होती, ब्लीड केलं, म्हणजे हवा काढली, आणि मास्टर सिलिंडर गेला असं लोक सांगतात ना, त्यातल्या बऱ्याच वेळा हेच झालेलं असतं.

एका चाकाला साधारण आठ-दहा वेळा हे करावं लागतं, नळीत रंग बदलून स्वच्छ फिकट पिवळं आलं आणि बुडबुडे थांबले की पुढचं चाक. कॅलिपरला रबरी हातोडीने हलकेच टकटक करा, आत कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे सुटतात, शेवटचा हट्टी बुडबुडा मला बहुतेक वेळा असाच मिळालाय. निपल घट्ट करताना जोर दाखवू नका, ते पोकळ असतं, बऱ्याच गाड्यांना १० न्यूटन मीटरच्या आसपासच टॉर्क लागतो, तुटलं की आतला तुकडा काढणं म्हणजे वेगळंच महाभारत. जुनं निपल हलतच नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी बारीक ठोके द्या, आणि तरी हलेना तर तिथेच थांबा.

आणि डबा! दर चार-पाच पंपांनी डबा बघायचा. एकदा तिसऱ्या चाकावर गप्पांच्या नादात मी विसरलो, डबा कोरडा पडला, गुर्रर्र असा आवाज आला आणि हवा थेट मास्टर सिलिंडरमध्ये. सगळं पहिल्यापासून. बाबा काही बोलले नाहीत, फक्त घड्याळाकडे बघितलं. एबीएस असेल तर प्रकरण आणखी वाढतं, कारण हवा एबीएस युनिटच्या आत गेली तर त्यातले व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय ती निघत नाही आणि त्यासाठी बऱ्याच गाड्यांना स्कॅन टूल जोडून पंप चालवावा लागतो. डबा कोरडा पडू दिला नाहीत तर साध्या ऑइल बदलीला हे लागत नाही.

घरात कोणी मोकळं नसेल तर प्रेशर ब्लीडर घ्या, डब्याच्या झाकणाच्या जागी बसतो, हातपंपाने १० ते १५ पीएसआय दाब द्यायचा आणि एकेक निपल उघडत जायचं, एकट्याने निवांत काम होतं. जास्त दाब देऊ नका, डबा प्लास्टिकचा आहे. पहिल्यांदा ऑइल न भरता नुसत्या हवेने दाब देऊन बघा झाकण गळतंय का, कारण ते गळलं तर ऑइल इंजिनभर. निपलकडून ओढणारे व्हॅक्युम पंप मला आवडत नाहीत, निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते, नळीत बुडबुडे येतच राहतात आणि कधी थांबायचं तेच कळत नाही. मॅन्युअल गिअरच्या बऱ्याच गाड्यांत क्लच पण याच डब्यातून ऑइल घेतो, मग त्याचं पण निपल शोधून तेवढंच जुनं काढून टाका, क्लच पेडल कसं गुळगुळीत होतं बघा.

चाकं निघालीच आहेत तर बाकीचं बघून घ्या. पॅडचा मसाला ३ मिलीमीटरवर आला की बदला, ट्रॅकवर जाणार असाल तर अर्ध्यावर आला तरी बदला, कारण पातळ पॅड ताप अडवत नाही आणि तो सगळा ऑइलला जातो. आतलं पॅड आणि बाहेरचं पॅड वेगवेगळं झिजलंय? सरकत्या कॅलिपरच्या पिना अडकल्यात, बाहेर काढा, पुसा, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा, साधं काळं ग्रीस नको. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटरने मोजा, काठावरच्या उंचवट्यावर नाही, पॅड घासतं तिथे. भोकांच्या डिस्कला भोकापासून भोकापर्यंत तडे गेले असतील तर ती डिस्क गेली. कॅलिपर काढलात तर होजवर लटकू देऊ नका, तारेने स्प्रिंगला अडकवा. पिस्टन आत ढकलण्याआधी डबा बघा, पॅड झिजले म्हणून पातळी खाली गेलेली असते आणि कोणीतरी वरून भरलेलं असतं, मग ते सगळं बाहेर सांडतं. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावायचा नाही. ब्रेकची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने नाहीतर ब्रेक क्लीनरने काढा.

नवे पॅड टाकले असतील तर ते बसवावे लागतात. मोकळ्या सुरक्षित जागी ताशी १०० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा बऱ्यापैकी जोरात ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवत थंड करायची. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढतो. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात तर तिथे एक ठिपका चिकटतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. ट्रॅकवरून आल्यावर लगेच हँडब्रेक न ओढण्याचं कारण पण हेच, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा.

झालं की इंजिन बंद ठेवून पेडल दाबा, दोन-तीनदा पंप करा, वरच कडक व्हायला हवं आणि तिथेच राहायला हवं. दाबून धरूनच इंजिन चालू करा, पेडल किंचित खाली गेलं म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर पण नीट आहे. मग कोणीतरी जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याने चारही निपल, होजचे जोड कोरड्या बोटाने चाचपा. निपलच्या टोप्या परत लावा, डबा मॅक्सच्या रेषेपर्यंत भरा, झाकण लावा, चाकांचे नट टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यावर आवळा, एका मोठ्या नटाची सेंटर लॉक चाकं असतील तर तो आकडा ६०० न्यूटन मीटरच्या घरात जाऊ शकतो, घरातल्या साध्या पान्याचं ते काम नाही. पहिलं ब्रेकिंग जागेवरच, चालण्याच्या वेगात, पुढे मोकळी जागा ठेवून. शंका आली तर गाडी परत आत.

जुनं ऑइल नालीत नाही, झाडात नाही, बाटलीत बंद करून जिथे वापरलेली ऑइलं गोळा करतात तिथे द्या. डब्याच्या झाकणावर मी कागदी टेपचा तुकडा चिकटवून तारीख आणि ऑइलचं नाव लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायच्या आधी वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघतो. मागच्या खेपेला पुढच्या उजव्या निपलखाली एक थेंब होता, पाव आटा अजून लागत होता.